पाणी लावू नका

परवा संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मोलगीच्या बाजूची. आठवीला आमच्या शाळेत दाखल झाली तेव्हा बाकाच्या कडेला अंग चोरून बसायची. आता अंगणवाडीत काम करते आणि चारचौघांत खणखणीत बोलते. तिच्या आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आहे आणि येत्या सोमवारपासून सुरतेला शेक सुरू होणार आहेत. आमच्या अक्कलकुव्याकडे रेडिओथेरपीला कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट, कोणी करंट. नावं वेगळी, धास्ती एकच.

चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. उठता उठता तिनं विचारलं, "सर, आईनं तेवढे दिवस आंघोळ करायची की नाही? बाया म्हणतात, पाणी लागलं तर कातडी सडते."

मी गप्प झालो. स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाजही थांबला. हा प्रश्न आमच्या घरात वीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

२००३ सालचा उन्हाळा. आमच्या सौ.ला हाच आजार झाला होता आणि ऑपरेशननंतर पंचवीस शेक सांगितले होते. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. एका मोठ्या शहरात नातेवाइकांच्या दोन खोल्यांत आम्ही मुक्काम टाकला. पहिल्याच दिवशी तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या गेल्या. आखणाऱ्यानं बजावलं, "पाणी लावू नका. शाई गेली तर सगळं पुन्हा मोजावं लागेल. आणि कातडीलाही पाणी चालत नाही."

झालं! जन्मभर दुसऱ्यांना सूचना पाळायला लावलेला मी मास्तर. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारायची आणि बादली तिच्यापासून लांब ठेवायची, ही माझी ड्युटी. मे महिना, पत्र्याखालची खोली, अंगातून घामाच्या धारा. अठराव्या शेकानंतर ती म्हणाली, "अहो, नुसता ओला कपडा तरी फिरवू द्या." मी नाही म्हटलं. चौथ्या आठवड्यात स्तनाखालची घडी आणि काख सोलवटली, पाणी सुटलं. तिला हात खाली टेकवता येईना. उशीवर हात ठेवून बसल्या बसल्या झोपायची. भेटायला येणारे धीर द्यायचे, "भाजलं म्हणजे औषध लागलं समजा." मलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर त्या जखमेकडे बघून मला मनातून बरंच वाटत होतं, की चला, उपचार नीट चाललाय!

शेक संपल्यावर महिनाभरात कातडी भरून आली. एक काळसर डाग तेवढा राहिला. आजारही गेला, ही देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. पण तो ओला कपडा माझ्या मनातून गेला नाही.

मी काही डॉक्टर नाही. इतिहास शिकवत आलो. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते: कुठलाही नियम दिसला की 'हा कधीपासून?' असं विचारायची. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, नातवानं कॉम्प्युटर शिकवला, आणि मी या 'पाणी लावू नका'चा माग काढत गेलो. तो असा.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. वर्षभरातच लोकांच्या ध्यानात आलं की या न दिसणाऱ्या प्रकाशानं कातडी लाल होते, केस गळतात, फोड येतात. शिकागोच्या एमिल ग्रुबे या तरुणानं पुढे असं सांगितलं की आपण जानेवारी १८९६ मध्येच स्तनाचा कर्करोग झालेल्या एका बाईवर हे किरण सोडले होते. त्याच्या या दाव्यावर इतिहासकार शंका घेतात, पण त्याच्या हाताची झालेली दुर्दशा मात्र खरी होती. १९०१ मध्ये बेकरेलनं रेडियमची नळी कोटाच्या आतल्या खिशात बाळगली आणि त्याच्या पोटाला भाजल्यासारखी जखम झाली. पिएर क्यूरीनं तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून काय होतं ते पाहिलं आणि जखमेची रोजची नोंद ठेवली. म्हणजे किरणांचा औषधी गुण कळण्याच्या आधीपासून कातडी सांगत होती, की इथे काहीतरी घडतं आहे.

आता गंमत बघा. किरण किती दिले हे मोजायचं कशानं? सुरुवातीला धड मोजमापच नव्हतं. मग डॉक्टरांनी कातडीलाच मापपट्टी केलं. जेवढ्या किरणांनी कातडी लाल होते तेवढा एक डोस! 'लालीचा डोस' हेच त्या काळचं एकक. १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत 'राँटगेन' हे एकक मान्य झालं तेव्हा कुठे कातडीची या कामातून सुटका झाली. पण समजूत मागे राहिली. 'भाजलं म्हणजे लागलं' हे जे आमचे पाहुणे बोलत होते, ते अडाणीपणानं बोलत नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांची भाषा, मालकाचं नाव पुसलेल्या भांड्यासारखी, फिरत फिरत आमच्या खोलीत येऊन पोचली होती.

कातडीचा विचार करणारं पहिलं मोठं पाऊल पॅरिसमध्ये पडलं. तिथे रेगो नावाच्या शास्त्रज्ञानं मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याची प्रजननशक्ती एकाच मोठ्या माऱ्यात घालवायला गेलं तर वरची कातडी जळायची. तोच मारा थोडा थोडा करून बऱ्याच दिवसांत दिला तर काम व्हायचं आणि कातडी वाचायची. त्याचा सहकारी कुतार यानं १९२०-३०च्या काळात हीच रीत माणसांच्या कर्करोगाला लावली. आमचे पंचवीस शेक, त्या कालनिर्णयावरच्या पंचवीस फुल्या, या त्या मेंढ्यांपासून आल्या!

आपल्याकडे लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं परदेशात वारल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची जगभर एकच गोम होती: किरण आत पोचायचे, पण सगळ्यात जास्त मारा वरच्या कातडीवर बसायचा. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं यंत्र आलं आणि चित्र पालटलं. कोबाल्टच्या किरणांचा जोर कातडीच्या सुमारे अर्धा सेंटीमीटर खाली सर्वाधिक असतो. त्यापुढच्या लिनॅक यंत्रांचे किरण आणखी खोलवर जोर करतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं पुढे देशी कोबाल्ट यंत्र बनवलं आणि त्याला होमी भाभांवरून भाभाट्रॉन हे नाव दिलं.

मग कातडी पुरती वाचली का? नाही. कारण स्तन म्हणजे काही सपाट फळी नव्हे. काखेत आणि स्तनाखाली कातडीला कातडी चिकटते, किरण तिरके जातात, घाम साचतो, चोळीचं कापड घासतं. शिवाय कातडीचा कारखाना तळाशी असतो. तळाच्या पेशी नव्या पेशी करतात आणि त्या तीन-चार आठवड्यांत वर येऊन झडतात. किरणांनी तळाचा कारखाना मंदावतो, पण वर जुना माल शिल्लक असतो. म्हणून पहिले दोन आठवडे काहीच दिसत नाही, माणूस बेसावध राहतो, आणि मग एकदम सोलवटायला लागतं. शेक संपल्यावरही आठ-दहा दिवस त्रास वाढतच जातो. हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर शेवटच्या फुलीनंतर आम्ही एवढे घाबरलो नसतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाण्याचा नियम कधीपासून? त्याचा कोणी एक कर्ता मला सापडला नाही. जुन्या यंत्रांच्या काळात कातडी इतकी भाजायची की तिला हातच लावू नये असं वाटणं स्वाभाविक होतं. त्यात शाईच्या रेघांची भीती मिसळली. एका परिचारिकेनं दुसरीला सांगितलं, तिनं तिसरीला. परंपरा अशाच बनतात. नवल याचं, की पहिल्या पेशंटपासून जवळजवळ शंभर वर्षं हा नियम कुणी तपासूनच पाहिला नव्हता!

तो तपासला गेला १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये. शेक घेणाऱ्या बायकांचे गट केले: काहींनी धुवायचं नाही, काहींनी नुसतं पाणी, काहींनी साबण-पाणी. धुतल्यानं काही बिघडलं नाही, उलट धुणाऱ्यांचं जरा बरंच चाललं होतं. मग २००१ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकचा अभ्यास आला. ९९ बायका. न धुणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांची कातडी ओली सोलवटली. धुणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांची.

२००१. मी पुन्हा पुन्हा ते साल वाचलं. आमच्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. कॅनडाहून आमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत ते पोचलं नव्हतं, एवढंच. यात मी कुणाला दोष देत नाही. ज्यानं आम्हाला सांगितलं त्याला त्याच्या वरिष्ठानं तसंच सांगितलं असणार. पण मी तरी एकदा का विचारलं नाही? वर्गात पोरांना 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' म्हणून घसा कोरडा करणारा मी!

असो. आता हळदीबद्दल, कारण ते विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी राहत नाही. त्या उन्हाळ्यातही शेजारच्या मावशींनी वाटीत हळद-तूप आणून ठेवलं होतं. मी ते लावू दिलं नाही. ते तरी बरोबर होतं का?

हळदीची एक लढाई आपण जिंकलेली आहे. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आम्ही शाळेत पेढे वाटले होते. पण नीट पाहिलं तर त्या लढाईत एवढंच सिद्ध झालं, की हे ज्ञान जुनं आहे. शेकानं भाजलेल्या कातडीवर हळद चालते की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याला वेगळी परीक्षा द्यावी लागते.

ती परीक्षाही झाली. पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेल्या विको कंपनीची हळद-चंदनाची क्रीम आपल्या घराघरांत माहीत आहे. मंगळूरच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ४० बायकांवर ती लहान मुलांच्या तेलाशी ताडून पाहिली. अभ्यास २०१७ मध्ये छापला गेला. क्रीमवाल्या बायकांना त्रास उशिरा आणि कमी झाला. वाचून ऊर भरून आला. पण ४० म्हणजे आमच्या नववीच्या एका तुकडीपेक्षाही कमी! हळदीतल्या कुरकुमिनच्या कॅप्सूलची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये ३० बायकांच्या अभ्यासात गुण दिसला. त्याच मंडळींनी ६८६ जणींवर पुन्हा करून पाहिलं, तर २०१८ मध्ये उत्तर आलं की फरक नाही. स्वतःचं पहिलं उत्तर स्वतःच खोडणाऱ्या त्या लोकांना माझा नमस्कार. फ्रान्समधल्या लियाँ शहरात २००४ मध्ये कॅलेंड्युलाच्या मलमाचा २५४ बायकांवर अभ्यास झाला. ज्यांना जास्त त्रास झाला त्यांचं प्रमाण दुसऱ्या मलमाच्या ६३ टक्क्यांवरून ४१ वर आलं. (कॅलेंड्युला म्हणजे झेंडूसारखं दिसणारं फूल, पण आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे. कुणी पाकळ्या वाटून लावू नका!)

अलीकडच्या दोन गोष्टी मात्र मला विशेष वाटल्या. पहिली टोरांटोची. तिथे ३७६ बायकांचा अभ्यास झाला. काही जणींच्या कातडीवर शेकाच्या काळात पारदर्शक, मऊ, चिकटणारी पट्टी लावून ठेवली. नेहमीची काळजी घेतलेल्यांत मध्यम ते तीव्र त्रास ४५.६ टक्क्यांना झाला, पट्टीवाल्यांत १५.५ टक्क्यांना. कपड्याचं घासणं थांबलं, एवढ्यानं एवढा फरक! दुसरी २०२३ मधली, न्यूयॉर्कची. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्या नाकात आणि कातडीवर राहणारे काही जंतू या जखमा वाढवतात. त्यांनी ७७ रुग्णांपैकी, ज्यांत बहुतेक स्तनाच्या कर्करोगाच्या बायका होत्या, निम्म्यांना शेकाच्या काळात ठरावीक दिवस जंतुनाशक द्रवानं अंग धुवायला आणि नाकात मलम लावायला सांगितलं. धुणाऱ्यांपैकी एकाचीही कातडी ओली सोलवटली नाही. दुसऱ्या गटात ३८ पैकी नऊ जणांची सोलवटली.

म्हणजे बघा, शंभर वर्षं ज्या आंघोळीवर बंदी होती, तीच आता औषधाच्या जागी येऊन बसली आहे. अभ्यास लहान आहे, आणखी व्हायला हवेत. पण हे वाचल्यावर मी चष्मा काढून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आमच्यासारख्या आडगावच्या माणसांना सगळ्यात मोठा दिलासा मात्र कुठल्या मलमात नाही, शेकांच्या संख्येत आहे. कॅनडानं २०१० मध्ये पंचवीसच्या जागी सोळा शेक दहा वर्षांनंतरही तितकेच गुणकारी असल्याचं दाखवलं. ब्रिटननं पंधरा शेकांची, तीन आठवड्यांची रीत घालून दिली, आणि २०२० मध्ये तर निवडक रुग्णांसाठी एका आठवड्यात पाच शेकांचे निकाल आले. कमी दिवसांच्या या पद्धतींत कातडीचा त्रासही कमी आढळला. सातपुड्यातल्या बाईसाठी याचा अर्थ काय, हे मुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाच आठवडे म्हणजे बुडालेली मजुरी, शेजाऱ्याकडे सोडलेल्या बकऱ्या, परक्या गावातला मुक्काम. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा सगळ्या शहरांत थोडाच असतो? कित्येक बाया शेक अर्धवट टाकून परत येतात, त्या काही रोगाला कंटाळून नव्हे.

आणखी एक गोष्ट. त्रास मोजायचे तक्ते आजही 'लाली'पासून सुरू होतात. ते गोऱ्या कातडीवर बनले. आमच्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. कातडी आधी काळवंडते, तापते, चुरचुरते. बघणाऱ्याला वाटतं, ठीक चाललंय. म्हणून आपल्या बायांनी दिसायची वाट न बघता बोलायला हवं. आणि बोलण्यातच तर आपल्या बाया मागे. शेतात दिवसभर मिरची खुडून हातांची आग झाली तरी हूं की चूं करत नाहीत, त्या छातीच्या कातडीबद्दल परक्या माणसापुढे काय बोलणार?

एवढं सगळं त्या पोरीला एका दमात सांगणं बरं नव्हतं. मी तिला एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. फळ्यावर लिहायचो तशा, मोठ्या अक्षरांत. पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचार: आंघोळ कशी करायची, कोणता साबण, खुणा शाईच्या की कायमच्या. (हल्ली बऱ्याच ठिकाणी बारीक ठिपका गोंदतात. हे ऐकून ती हसली. तिच्या आईचे दोन्ही हात गोंदणानं भरलेले आहेत.) कोमट पाणी, हलका हात, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. सुती, सैल कपडा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही लावायचं नाही, घरची हळदसुद्धा नाही. स्टेरॉइडचं मलम किंवा पट्टी लागेल तर ते सांगतील. आणि पाचवी ओळ: चुरचुरलं की त्याच दिवशी सांगायचं.

कागद घडी करून तिनं पर्समध्ये ठेवला. निघताना सौ. बाहेर आली. तिनं माझं एक जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर तिच्या हातात दिलं. "याचे तुकडे कर. काखेत घडी करून ठेवायला बरे पडतात."

मुलगी गेल्यावर दारातच उभा राहून मी म्हटलं, "अगं, तेव्हा तुला ओला कपडा फिरवू द्यायला हवा होता."

ती म्हणाली, "फिरवत होते की. तुम्ही पेपर आणायला गेलात की रोज. उगाच चार आठवडे तरी निघाले असते का?"

वीस वर्षं बाई हे पोटात ठेवून होती!